पत्र्याचे एक पॅनेल, तीन डबे आणि आठ दिवस

गाडीचे एखादे पॅनेल खरवडले की ते गॅरेजमध्ये द्यावे, चार दिवस वाट पाहावी आणि आलेला रंग निमूटपणे मान्य करावा, हा रिवाज मोडून स्प्रे कॅन आणून घरीच रंग मारण्याची इच्छा अनेकांना होते. ही इच्छा अवाजवी नाही. मात्र डब्याचे बटण दाबण्याचे काम सगळे मिळून अर्ध्या तासाचेही नसते. बाकीचा आठवडा घासण्यात, धुण्यात आणि रंग वाळण्याची वाट पाहण्यात जातो, याची कल्पना नसल्यामुळे पहिला प्रयत्न बहुधा फसतो. या लेखात कॉम्प्रेसर आणि गन यांचा विचार केलेला नाही. केवळ डब्यातील रंगाने, घराच्या गच्चीवर किंवा अंगणात, एक सुटा भाग नीट कसा रंगवावा, एवढेच येथे पाहायचे आहे. उदाहरण म्हणून जुन्या बजाज चेतकच्या इंजिनावरचे झाकण घेतले आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या त्या स्कूटरचे अंग पत्र्याचे असल्याने ती आजही घासून, ठोकून, रंगवून नवी करता येते, आणि हे झाकण तर मिनिटभरात सुटे होते. हल्लीच्या बऱ्याच दुचाकींचे मडगार्ड आणि पॅनेल प्लास्टिकचे असतात. त्यांच्यापुरते वेगळे काय करावे लागते, तेही ओघात येईल.

कोणता भाग निवडावा

साध्या डब्यातील रंग मुख्यतः द्रावक, म्हणजे त्याला पातळ ठेवणारा द्रव, उडून गेल्याने वाळतो. गॅरेजमधील रंगात हार्डनर मिसळलेला असतो आणि त्यामुळे तो रासायनिकरीत्या घट्ट होतो; कारखान्यातील रंग तर भट्टीत भाजून काढलेला असतो. हा फरक लक्षात घेतला की निवड सोपी होते. पेट्रोलची टाकी नवशिक्याने घेऊच नये, कारण पेट्रोल भरताना झाकणापाशी दोन थेंब सांडणारच आणि डब्यातील साधा रंग पेट्रोलने मऊ पडून सुटू लागतो. शिवाय रिकाम्या टाकीत उरलेली वाफ हा वेगळाच धोका आहे. सायलेन्सरला साधा रंग पहिल्याच फेरीत करपतो. त्यासाठी उष्णतारोधक सिलिकॉन रंग मिळतो आणि तो डब्यावरील सूचनेप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो. ब्रेकची डिस्क, ड्रमचा आतील भाग, शॉकअब्सॉर्बरचा चकचकीत दांडा आणि अर्थिंगचे बोल्ट यांच्यावर रंगाचा फवाराही उडता कामा नये. हेल्मेट तर मुळीच रंगवू नये, कारण रंगातील द्रावक त्याचे कवच कमकुवत करू शकतो आणि ते कमकुवत झाल्याचे वरून दिसत नाही.

म्हणून सुरुवात साइड पॅनेल, मडगार्ड, आरशाचे कव्हर किंवा साखळीचे कव्हर यांपासून करावी. भाग सुटा करून, वीतभर अंतरावरून चारही बाजूंनी पोहोचता येईल असा असला म्हणजे झाले. कायद्याचीही एक बाजू आहे. नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे सबंध गाडीचा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओकडे चौकशी करावी. मूळ रंगातच एक पॅनेल पुन्हा रंगवताना हा प्रश्न येत नाही. ऑलिव्ह हिरवा रंग मात्र कितीही आवडला तरी वर्ज्य समजावा, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे.

पॅनेल प्लास्टिकचे असेल तर ते उलटे करून आतली बाजू पाहावी. तेथे बहुधा ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी अक्षरे उमटवलेली असतात. एबीएसवर रंग चांगला धरतो, पण कडक थिनर त्याला खातो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर रंग नुसता बसतो, धरत नाही, आणि वाळल्यावर सापाच्या कातीसारखा निघून येतो. त्यासाठी प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या अस्तराच्या, आधी प्लास्टिक प्रायमर मारावा लागतो. अक्षरे सापडली नाहीत तर आतील कडेचा एखादा कपचा पाण्यात टाकून पाहावा: पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस बुडते. भर घातलेल्या प्लास्टिकच्या बाबतीत ही परीक्षा फसू शकते, म्हणून शंका असल्यास प्लास्टिक प्रायमर मारून मोकळे व्हावे.

मोसम, जागा आणि नाकतोंड

माझे पहिले पॅनेल ऑगस्टमध्ये वाया गेले. पाऊस थांबून दोन तास झाले होते, आकाश उघडले होते, आणि काळा रंग मारल्यावर तो डोळ्यांदेखत पांढुरका पडत गेला, जणू त्यावर कोणी पिठाचा हात फिरवला आहे. डबा खराब निघाला असे समजून मी दुसरा आणला. तोही तसाच निघाला. दोष डब्यात नव्हता. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर, उन्हाळ्यात माठाला बाहेरून पाझर फुटावा तशी, हवेतील बाष्पाची बारीक दवे धरतात व ओल्या रंगात अडकतात. म्हणून देशावर दिवाळी ते होळी हा या कामाचा खरा मोसम होय. त्यातही हिवाळ्यात दहिवर पूर्ण वाळल्यानंतर, म्हणजे साधारण दहाच्या पुढे, काम सुरू करावे. एप्रिल-मे महिन्यांत उलट सकाळी लवकर उरकावे, कारण दुपारच्या झळांत रंगाचे कण वाटेतच वाळतात आणि पॅनेलवर भुकटीसारखे खरखरीत बसतात. मुंबई, कोकण आणि गोवा येथे हवा बाराही महिने दमटच असते. तेथे थंडीतील कोरडा वारा सुटलेला दिवस साधावा आणि दोन थरांमध्ये जास्त वेळ द्यावा. हवेतील आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या खाली आणि तापमान २० ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, एवढे पुरेसे आहे. हे दोन्ही आकडे मोबाइलमधील हवामानाच्या पानावर दिसतात.

जागा उघडी हवी, पण वाऱ्याच्या तोंडावर नको. फ्रिज किंवा कपाट ज्यातून येते तो मोठा खोका दुकानातून मागून आणावा, त्याची एक बाजू कापावी आणि पॅनेल त्यात तारेने टांगावे. तीन बाजूंनी आडोसा होतो आणि उडालेला रंगही त्यातच राहतो. ही शेजारधर्माची बाब आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारलेल्या रंगाची धूळ दहा-पंधरा फुटांवरील दुसऱ्याच्या गाडीवर बसली, तर पुढचे संभाषण रंगाविषयी राहत नाही. काम सुरू करण्यापूर्वी खाली पाण्याचा सडा मारावा म्हणजे धूळ उठत नाही. संध्याकाळची वेळ मात्र टाळावी, कारण दिवे लागले की चिलटे येतात आणि नेमकी ओल्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बसतात.

आता सुरक्षेविषयी. डब्यातून रंग बाहेर ढकलणारा वायू बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला असतो. तो पेट घेतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून बंद खोलीत, बाथरूममध्ये गॅस गिझरजवळ, किंवा ज्या बाल्कनीला लागून स्वयंपाकघर अथवा देवघरातील तेवती समई आहे तेथे, हे काम कदापि करू नये. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, आणि एन-९५ मास्क रंगाचे कण अडवत असला तरी द्रावकाची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीची कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी, आणि त्यावर कणांचा फिल्टर असलेला रबरी अर्धमास्क घ्यावा. त्याची किंमत रंगाच्या डब्यांपेक्षा अधिक वाटेल, पण तो पुढेही उपयोगी पडतो. मास्क लावूनही थिनरचा वास येऊ लागला तर एक तर तो चेहऱ्यावर नीट बसलेला नाही किंवा कार्ट्रिज संपली आहे. दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर तो बसतच नाही, हेही येथेच सांगतो. चष्म्यासारखा बंद गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे हे उरलेले सामान होय.

खरेदी

पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, आणि बहुतेक शहरांत असा एखादा रस्ता असतोच. तेथेच नाही तर हार्डवेअरच्या दुकानात सगळे सामान मिळते. प्रायमर, रंग आणि क्लिअर हे तिन्ही डबे एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच मालिकेतील घ्यावेत. वेगवेगळ्या जातीच्या रंगांचे आपसात जमत नाही; सौम्य रंगावर कडक द्रावकाचा रंग पडला की खालचा थर फुगून त्याला सुरकुत्या येतात. एका पॅनेलसाठी प्रत्येकी ४०० मिलिलिटरचा एक डबा पुरतो. तरीही रंगाचा दुसरा डबा घरात असू द्यावा, कारण अर्ध्या थरावर रंग संपला आणि दुसऱ्या खेपेचा डबा किंचित वेगळ्या छटेचा निघाला, तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

डब्याच्या टोपणाच्या रंगावर विश्वास ठेवू नये. गाडीच्या रंगाला कंपनीचे स्वतःचे नाव आणि क्रमांक असतो. तो सांगितला तर रंग जुळवून डब्यात भरून देणारी दुकानेही आता आहेत. दहा-पंधरा वर्षे उन्हात राहिलेल्या गाडीचा मूळ रंग विटलेला असतो, त्यामुळे हुबेहूब कारखान्याची छटाही शेजारच्या पॅनेलपाशी उठून दिसते. अशा वेळी समोरासमोर दिसणारी दोन्ही बाजूंची पॅनेल एकदमच रंगवावीत, असे माझे मत आहे.

घासण्यासाठी १२०, ३२०, ६००, १००० आणि २००० नंबरचे सँडपेपर प्रत्येकी दोन आणावेत; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. १२० कोरडा चालतो, पुढचे सगळे वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासता येणारे, हवेत. पेपर बोटांनी धरून घासला तर बोटांच्या रेघा उमटतात, म्हणून सपाट भागासाठी तो रबराच्या ठोकळ्यावर किंवा शाळेच्या मोठ्या खोडरबरावर गुंडाळावा.

धुणे आणि घासणे

येथून प्रत्यक्ष कामाला सुरुवात होते, आणि येथेच घाई केली जाते. चेतकच्या झाकणाच्या आतील बाजूस वर्षानुवर्षांची ऑइलमिश्रित काजळी बसलेली असते. गॅरेजमध्ये ती रॉकेलने काढतात, आणि ते योग्यही आहे, पण रॉकेल स्वतः तेलकट पापुद्रा मागे ठेवते. त्यामुळे रॉकेलनंतर भांडी घासण्याच्या लिक्विडने आणि काथ्याने पॅनेल दोनदा स्वच्छ धुवावे. मग त्यावर पाणी ओतून पाहावे. पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे; अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोळा झाले तर अजून तेल किंवा मेण शिल्लक आहे आणि पुन्हा धुतले पाहिजे. घासण्याच्या आधी हे झालेच पाहिजे, कारण मेणचट पृष्ठभाग घासला तर मेण पेपरच्या चऱ्यांत दडपले जाते आणि नंतर निघत नाही.

जुन्या रंगाची जात ओळखण्यासाठी आतील कोपऱ्यात थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून ठेवावा. रंग बोळ्यावर उतरला तर तो आधी कोणी तरी मारलेला साधा लॅकर आहे आणि तो संपूर्ण काढून टाकणे शहाणपणाचे. बोळा कोराच राहिला तर तो कारखान्याचा भाजलेला किंवा गॅरेजचा हार्डनर मिसळलेला रंग आहे. तो घट्ट असेल तेथे काढण्याची गरज नाही, ३२० ने त्याची चमक मारली की पुरे. ही परीक्षा प्लास्टिकवर करू नये.

गंज १२० नंबरने पांढरा पत्रा लागेपर्यंत घासावा. गंजाची खोल भोके राहिली असतील तर तेथे फॉस्फरिक आम्ल असलेले गंजनाशक लावून, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून, पूर्ण वाळवावे. मग त्या उघड्या पत्र्याभोवती जुन्या रंगाची कडा उतरती करावी लागते. हे काम नजरेने जमत नाही. डोळे मिटून बोट फिरवावे; पायरी लागली की घासत राहावे. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तळवा फिरवला तर बारीकसा उंचवटाही अधिक स्पष्ट जाणवतो, ही डेंटिंगवाल्यांकडून शिकलेली युक्ती आहे.

पोचा मोठा असेल तर त्यात हार्डनर मिसळलेली पॉलिएस्टर पुट्टी भरावी. जुने रंगारी तिला लांबी म्हणतात. हार्डनर सुमारे दोन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या पुट्टीला वाटाण्याएवढा, इतकेच प्रमाण ठेवावे आणि कालवलेली पुट्टी पाच मिनिटांत संपवावी. एकदम जाड थर भरण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत. वाळल्यावर आधी १२० ने आकार आणावा आणि मग ३२० ने चरे मोडावेत. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी; आत राहिलेले पाणी पुढे रंगाला फोड आणते.

प्रायमर

घासलेले पॅनेल पुसून, पूर्ण सुकवून, बारीक भोकांत आणि कडांच्या घडीत पाणी राहिले नाही याची खात्री करून तारेला टांगावे. त्यानंतर त्याला उघडा हात लावू नये. खोबरेल तेल लावलेल्या केसांवरून फिरलेला हात पॅनेलला लागला तर त्या जागी रंग गोल फाकतो आणि मधोमध खालचा पृष्ठभाग डोळ्यासारखा दिसू लागतो. माझ्या बाबतीत असे डोळे सबंध पॅनेलभर पडले होते. हातमोजे घातलेले होते, पॅनेल धुतलेले होते, तरी कारण सापडेना; शेवटी लक्षात आले की खोका स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवला होता आणि दोन थरांच्या मधल्या वेळात आत फोडणी पडली होती. टायर आणि डॅशबोर्ड चमकवण्याचे सिलिकॉन स्प्रेसुद्धा हाच प्रताप करतात, तेव्हा ते त्या दिवशी जवळपासही वापरू नयेत.

उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. समुद्राकाठी तर तासाभरात. प्रायमरचे दोन-तीन पातळ थर, मध्ये दहा-दहा मिनिटे ठेवून, मारावेत. ते वाळल्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ, दुरून उडवलेला फवारा सगळीकडे मारावा. त्याने पॅनेल ठिपकेदार, गलिच्छ दिसते, पण हाच खरा परीक्षक आहे. आता ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, ठोकळ्यावर घासत गेले की उंच भागावरची काळी धूळ आधी जाते आणि खोलगट जागी ती तशीच राहते. पेपर खालपर्यंत पोहोचला नाही तो खड्डा कोठे आहे हे असे लख्ख दिसते. खड्डा लहान असेल तर तेथे आणखी प्रायमर, मोठा असेल तर पुट्टी. आणि पुन्हा घासणे. हा टप्पा वगळणाऱ्याला तेच खड्डे पुढे क्लिअरच्या चमकेखाली दिसतात, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी चार थर उतरवावे लागतात. घासताना कडेला प्रायमर निघून पत्रा दिसला तर तेवढ्यावर पुन्हा प्रायमर मारावा.

रंग

पॅनेलवर हात टाकण्यापूर्वी तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर सराव करावा. पंधरा लिटरचा चौकोनी डबा उभा ठेवला की सपाट बाजू, गोल कोपरे आणि उभी पन्हळ असे सगळे त्यात आयते मिळते. रंगाचा डबा आतली गोटी खुळखुळू लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटे हलवावा, आणि दर थराआधी पुन्हा अर्धा मिनिट. थंडीत डब्यातील दाब कमी पडतो. तेव्हा तो कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे उभा करावा. उकळते पाणी, ऊन किंवा गॅस यांच्याजवळ तो नेऊ नये, कारण ५० अंश सेल्सिअसच्या वर डबा फुटण्याचा धोका असतो आणि तशी सूचना डब्यावरच छापलेली असते.

नळीचे तोंड पॅनेलपासून एक वीत, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर, असावे. बटण पॅनेलच्या बाहेर दाबावे, हात पॅनेलवरून एका गतीने न्यावा आणि पलीकडच्या कडेबाहेर गेल्यावरच बटण सोडावे. वेग साधारण सेकंदाला एक फूट. मनगट वळवू नये. कोपर आणि खांदा यांनी सबंध हात सरकवावा, नाही तर मधला भाग जवळ आणि टोके दूर पडून मध्ये ओघळ व कडेला भुकटी, अशी स्थिती होते. दुसरा पट्टा पहिल्याच्या निम्म्यावर चढवावा. कडा आणि घड्या आधी, मोठे सपाट भाग नंतर.

पहिला थर पाहून नवशिक्याचा धीर सुटतो. तो विरळच असला पाहिजे, इतका की खालचा प्रायमर सरळ दिसतो. त्याचे काम पुढच्या थराला पकड देणे एवढेच आहे. ‘अजून थोडा मारू’ म्हणून जो हात परत फिरतो, तोच ओघळ आणतो. पाच ते दहा मिनिटांनी दुसरा थर, मग तिसरा, गरज पडल्यास चौथा. लाल आणि पिवळे रंग झाकण्यात कमजोर असतात, त्यांना थर जास्त लागतात. थर केव्हा द्यावा हे पॅनेलला बोट लावून पाहू नये. खोक्यात आधीच चिकटवून ठेवलेल्या मास्किंग टेपवर, म्हणजे कागदी चिकटपट्टीवर, उडालेल्या रंगाला बोट लावावे, तो चिकटत असला तरी बोटावर येत नसेल तर पुढचा थर चालतो. पुढच्या थराची मुदत डब्यावर लिहिलेली असते, बहुधा तासाभराच्या आत किंवा एकदम २४ तासांनंतर अशी, आणि ती गांभीर्याने घ्यावी. मधल्या काळात वरचा पापुद्रा वाळलेला आणि आतला रंग ओला असतो. त्यावर द्रावक पडला की सुरकुत्या येतात. काम संपल्यावर डबा उलटा करून केवळ वायू येईपर्यंत बटण दाबावे, म्हणजे तोंड बुजत नाही.

मेटॅलिक रंगाची शिस्त वेगळी आहे. त्यातील धातूची चकती ओल्या थरात वाहून एका जागी गोळा झाली की ढग दिसतात, म्हणून शेवटचा थर थोडा दुरून, आडवा-उभा, हलका द्यावा. आणि हा रंग क्लिअरच्या आधी मुळीच घासू नये, कारण घासलेल्या चकत्यांचे चरे क्लिअरखाली कायमचे दिसतात.

क्लिअर कोटचे दोन-तीन थर, पहिला विरळ आणि शेवटचा जरा ओलसर, त्याच दिवशी डब्यावरील मुदतीत मारावेत. दुकानदार येथे टू-के क्लिअरची शिफारस करील. त्यात डब्याच्या बुडाशी हार्डनरची वेगळी कुपी असते, ती फोडली की ठरावीक वेळेत डबा संपवावा लागतो, आणि थर खरोखरच पेट्रोललाही दाद देत नाही इतका घट्ट होतो. तरीही मी तो घरी मारण्याच्या विरोधात आहे. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट हे रसायन श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, वासाने त्याची पुरेशी पूर्वसूचना मिळत नाही, आणि व्यावसायिक रंगारी त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा वापरतात, किंवा निदान वापरायला हवा. ज्या भागाला इतका टणक थर लागतो तो भाग घासून-प्रायमर मारून गॅरेजमध्ये द्यावा; अर्धे पैसे तरी वाचतात.

बिघडल्यास

ओघळ आला तर बोटाने, कापडाने किंवा थिनरने पुसू नये. दोन दिवस वाळू द्यावा, खोडरबरावर ६०० चा पेपर गुंडाळून केवळ तेवढा उंचवटा घासावा, मग १००० ने आजूबाजूला मिळवून पुन्हा रंग द्यावा. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला असेल तर डबा दूर होता किंवा हवा फार गरम होती. हे क्लिअरमध्ये झाले तर घासून निघते. पांढुरकेपणा सौम्य असेल तर कोरड्या उन्हाच्या दिवशी एक विरळ थर दिल्याने पुष्कळदा जातो. सुरकुत्या आणि डोळे यांना मात्र तोड नाही: वाळल्यावर प्रायमरपर्यंत घासणे आणि पुन्हा सुरुवात. येऊन बसलेले चिलट ओल्या रंगातून काढण्याचा मोह आवरावा. वाळल्यावर ते चिमटीने निघते, पायांची नक्षी २००० च्या पेपरने जाते.

वाळणे आणि बसवणे

रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला आठ दिवस लागतात. नखाने आतील कडेला दाबून खूण उमटली तर थांबावे. आठ दिवसांनी २००० च्या वॉटर पेपरने, हलक्या हाताने आणि भरपूर पाण्याने, क्लिअरवरची धूळ मोडावी. कडा आणि उंच घड्या यांना पेपर लावू नये, तेथे थर सर्वांत पातळ असतो. मग रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन गोल फिरवत चमक आणावी. मेण आणि पॉलिश महिनाभर लावू नये, आणि तेवढ्या काळात सर्व्हिसिंगला गाडी दिली तर प्रेशरच्या पाण्याने हे पॅनेल धुऊ नये असे आधी सांगून ठेवावे.

रिकामे डबे होळीत किंवा पाचोळ्याच्या आगीत जाणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि ते घरगुती घातक कचऱ्यात वेगळे द्यावेत. टाकण्यापूर्वी रंगाच्या डब्यातून थोडासा रंग एका बाटलीच्या टोपणात उडवून घ्यावा. कारण चेतकचे झाकण परत बसवताना त्याची मागची कडा सांगाड्याला घासते आणि नवा रंग पहिल्यांदा निघतो तो तेथेच. कडेला आधी रबरी पट्टी लावली, दुसऱ्या माणसाला झाकण धरायला बोलावले, तरी तांदळाएवढा टवका उडतोच. काडेपेटीच्या काडीचे टोक चावून कुंचल्यासारखे करावे, टोपणातील रंग त्यावर घ्यावा आणि टवक्याच्या मध्यभागी टेकवावा. रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो. वाळल्यावर असाच दुसरा थेंब द्यावा.